रोटाव्हेटरला 'सीई' लावायचंय? आधी पाना आणि टेप घ्या

"ताई, तेवढं सीईचं बघा की. कंटेनर पंधरा तारखेला लागायचाय."

असा फोन मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. सीई म्हणजे यंत्र युरोपच्या सुरक्षेच्या कायद्यात बसतं असं सांगणारा, यंत्रावर लावायचा शिक्का. बोलणाऱ्याच्या डोक्यात मात्र तो एक चकचकीत स्टिकर असतो, तो कुणीतरी देतं आणि त्याचे पैसे लागतात. मी विचारते, "मशीनच्या गार्डाचे बोल्ट कसे आहेत?" पलीकडे शांतता.

मी सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत एकोणीस वर्षं काढली. आधी ड्रॉइंग, मग क्वालिटी, आणि आता युरोपला माल पाठवू पाहणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या फायली. रोटाव्हेटर, पाचट कुट्टी, फवारणीचे ब्लोअर असली कामं. पुढचं सगळं रोटाव्हेटर धरून लिहिते, कारण तो माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त वेळा गेलाय. पाचट कुट्टीला बरंचसं हेच लागू पडतं.

पहिली गोष्ट, हा शिक्का लागतोच का? हो. युरोपचा यंत्रसुरक्षेचा कायदा, म्हणजे निर्देश २००६/४२/ईसी, ट्रॅक्टरला जोडायच्या अवजाराला स्वतंत्र यंत्रच मानतो. "ट्रॅक्टरवर कुठं सीई असतो? मग आपल्या अवजाराला कशाला?" हा प्रश्न मला चांगल्या जाणत्या माणसांनी विचारलाय. ट्रॅक्टरची वाट वेगळी आहे. त्याला १६७/२०१३ या नियमाखाली टाइप अप्रूव्हल, म्हणजे मॉडेलला सरकारी मंजुरी, घ्यावं लागतं. तुमचा रोटाव्हेटर त्या वाटेनं जात नाही. तुम्ही नुसती अर्धवट जुळवणी पाठवत असाल आणि तिकडचा कारखाना ती आपल्या यंत्रात बसवणार असेल, तर मात्र तिच्यावर सीई लावायचाच नाही. तिच्यासोबत वेगळं घोषणापत्र आणि जोडणीच्या सूचना जातात.

दुसरी गोष्ट ऐकून लोक हमखास चक्रावतात. रोटाव्हेटरचं सीई सर्टिफिकेट कुणी देत नाही. यंत्र कायद्यात बसतं, हे तुम्ही स्वतः घोषणापत्रावर जाहीर करायचं असतं. निर्देशाच्या चौथ्या परिशिष्टात धोकादायक यंत्रांची यादी आहे. त्या यादीतल्या यंत्रांनाच, तीही ठरावीक परिस्थितीत, बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडं जावं लागतं. रोटाव्हेटर त्या यादीत नाही. पण ट्रॅक्टरच्या इंजिनाची फिरती ताकद त्याला पोचवणारा पीटीओ शाफ्ट आणि त्या शाफ्टचं प्लॅस्टिकचं गार्ड, दोन्ही यादीत आहेत. तेव्हा शाफ्ट स्वतः बनवायच्या फंदात पडू नका. तो सीई आणि घोषणापत्रासकट विकत घ्या आणि त्याचे कागद तुमच्या तांत्रिक फायलीत, म्हणजे यंत्राच्या सगळ्या पुराव्यांच्या फायलीत, लावा.

मग एजंट लोक सोनेरी किनारीचं 'सीई सर्टिफिकेट' विकतात ते काय असतं? बहुतेक वेळा कुणीतरी तुमचे कागद वरवर चाळून दिलेली पावती. कायद्याच्या दृष्टीनं ती तुमच्या घोषणापत्राची जागा घेत नाही. त्यातला वाईट प्रकार म्हणजे प्लेटवर सीईपुढं चार आकडी नंबर छापून देणारे. तो नंबर मान्यताप्राप्त संस्थेचा असतो आणि रोटाव्हेटरवर तो असायचं कारणच नाही. युरोपियन कमिशनच्या 'नँडो' या यादीत तो नंबर कुणाचा आणि त्या संस्थेला कशाची मान्यता आहे, हे दोन मिनिटांत दिसतं. मी पाहिलेल्या एका प्लेटवरच्या नंबराच्या संस्थेचा यंत्रांशी काडीचा संबंध नव्हता.

आणि हो, इथल्या सबसिडीसाठी घेतलेला टेस्ट रिपोर्ट फायलीत जरूर ठेवा, पण सीईचं काम त्यानं भागत नाही. त्याचे निकष वेगळे आहेत.

आता कामाला लागू. कागद बाजूला ठेवा. हातात पाना, मोजायची टेप आणि खडू घ्या आणि यंत्राभोवती फिरा.

सुरुवात गार्डाच्या बोल्टपासून. हे मी शिकले ते फजिती होऊन. आमच्या वर्कशॉपमध्ये इटलीचा एक इंपोर्टर माल बघायला आला होता. गिअरबॉक्स, रंग, वेल्डिंग सगळं पाहून झालं. मग त्यानं पाना मागितला, साइड ड्राइव्हच्या गार्डाचे चारही बोल्ट काढले आणि गार्ड जमिनीवर ठेवलं. मला वाटलं आता आतलं बघेल. त्यानं आत पाहिलंसुद्धा नाही. चारही बोल्ट स्वतःच्या खिशात टाकले आणि म्हणाला, "आता ट्रॅक्टर चालू केला तर मशीन चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. तो म्हणाला, "मग हे गार्ड पुन्हा कोण बसवणार?"

कायद्यातली ओळ अशी आहे की पक्कं गार्ड काढलं तरी त्याचे बोल्ट गार्डाला किंवा यंत्राला अडकून राहिले पाहिजेत. कारण शेतकरी तेल बघायला गार्ड काढतो, बोल्ट ढेकळांत हरवतो आणि गार्ड गोठ्याच्या मागं जाऊन पडतं. हे इटलीत होतं, तसं आपल्याकडंही होतं. उपाय चार-दोन रुपयांचा आहे. बोल्टला आतून पकड वॉशर किंवा सर्कलिप लावा, बोल्ट गार्डातच लोंबकळत राहील. त्याहून बरं म्हणजे गार्ड बिजागरीवर घ्या. उघडायला अवजार लागलंच पाहिजे, बंद केल्यावर मात्र आपोआप अडकलं पाहिजे. विंग नट चालत नाही, कारण तो हातानं सुटतो.

मग पीटीओ. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी अडकली हे मेंदूला कळेपर्यंत चार-पाच फेरे होऊन गेलेले असतात. म्हणून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरचं गार्ड आणि पीटीओ शाफ्टचं गार्ड एकमेकांवर किमान ५० मिलिमीटर चढलं पाहिजे. टेप लावा. आपल्याकडं इनपुटवर पत्र्याची अर्धी टोपी बसवतात, वरून झाकलेली आणि खालून उघडी. ती चालत नाही. गार्ड चारही बाजूंनी हवं.

यंत्र ट्रॅक्टरपासून सोडल्यावर शाफ्ट ठेवायला एक हूक किंवा आधार असावा लागतो. शाफ्टच्या गार्डाला जी बारीक साखळी असते ती गार्ड फिरू नये म्हणून. सगळीकडं तिच्याच गळ्यात शाफ्ट टांगलेला दिसतो. साखळी तुटते, शाफ्ट चिखलात पडतो, गार्ड चिरतं. आठ मिलिमीटरची सळई वाकवून हूक करा, प्रश्न मिटला.

स्टँड. सोडून ठेवलेलं यंत्र साडेआठ अंशांच्या उतारावर कुठल्याही बाजूनं कलंडता कामा नये. साडेआठ अंश कसा मोजायचा? एक मीटर लांबीला पंधरा सेंटिमीटर चढ. पक्क्या प्लेटची तेवढी घसरगुंडी करा आणि यंत्र चारही दिशांनी फिरवून ठेवा. प्रत्येक वेळी फोटो घ्या, फोटोत टेप दिसू दे. हीच तुमची चाचणी आणि हाच तुमचा पुरावा. लाखभर रुपयांची लॅब लागत नाही.

ज्या गार्डावर माणूस पाय ठेवू शकतो, त्यानं १२०० न्यूटन भार सोसला पाहिजे, म्हणजे साधारण १२२ किलो. आमच्याकडं सिमेंटची दोन पोती आणि वर पाण्याचा भरलेला कॅन ठेवून हे होतं. "इथं कोण पाय ठेवतंय" असं म्हणू नका. रोटाव्हेटर जोडताना वरची पिन बसवायला माणूस हमखास मधल्या पत्र्यावर चढतो, मी रोज बघते.

जाळी किंवा फटी असतील तर बोट आत कुठवर जाईल याचा तक्ता आयएसओ १३८५७ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. भोक १२ ते २० मिलिमीटरचं असेल तर फिरणारा भाग त्यामागं निदान १२० मिलिमीटर लांब हवा. लांबट फट २० च्या पुढं गेली की अंतर एकदम ८५० वर जातं, कारण मग बोटाऐवजी सगळा हात आत जातो. त्यामुळं जाळीची भोकं बारीकच ठेवा.

पाती पुढून, मागून आणि दोन्ही बगलांनी किती झाकायची हे ईएन आयएसओ ४२५४ या शेतीयंत्रांच्या सुरक्षेच्या मानकाच्या पाचव्या भागात आहे. वर जे सांगितलं त्यातलं पुष्कळ पहिल्या भागात आहे. हे दोन भाग विकत घ्याच, आणि युरोपीय 'ईएन' आवृत्तीच घ्या. तिच्या मागं झेडए नावाचं परिशिष्ट असतं. मानकाचं कुठलं कलम कायद्याची कुठली अट भागवतं, ते त्यात दिलेलं असतं. मित्राकडून आलेली जुनी पीडीएफ वापरू नका. मानकं बदलतात, आणि युरोपच्या राजपत्रात सध्या कुठली आवृत्ती लागू आहे हे बघावं लागतं.

यंत्राभोवती फिरून झालं की धोक्यांचा तक्ता बनवा. पद्धत आयएसओ १२१०० ची. हा तक्ता केबिनमध्ये बसून लिहू नका. मी फिटरला, वेल्डरला आणि रोटाव्हेटर भाड्यानं मारणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याला चहाला बोलावते आणि यंत्राचं आयुष्य पहिल्यापासून विचारत जाते: कंटेनरमध्ये चढवताना काय होतं, जोडताना काय होतं, रस्त्यानं नेताना, पाती बदलताना, सोडून ठेवताना. ट्रॅक्टरवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "रोटरला मुळ्या गुंडाळल्या की आम्ही मशीन उचलतो आणि खाली वाकून ओढतो." पीटीओ बंद करून? "बंद... म्हणजे कधी कधी." ही एक ओळ शंभर टेम्प्लेटांपेक्षा मोलाची. अपेक्षित गैरवापरसुद्धा तुमच्या हिशेबात धरावा लागतो. ते शेतकऱ्याच्या माथी मारून सुटता येत नाही.

प्रत्येक धोक्याला उत्तर याच क्रमानं द्यायचं: आधी रचना बदलून धोका काढा, नाही जमलं तर गार्ड, आणि तरीही उरला तर चित्र आणि सूचना. मालकांशी माझं भांडण इथंच होतं. त्यांना क्रम उलटा आवडतो. गार्डाला पत्रा लागतो आणि स्टिकरला दहा रुपये. पण जिथं गार्ड बसवता येतं तिथं स्टिकर लावून भागत नाही.

स्टिकर आयएसओ ११६८४ प्रमाणे. मी नेहमी शब्दांशिवायचे, नुसत्या चित्रांचे घेते, म्हणजे पोलंड, इटली आणि ग्रीस सगळ्यांना एकच चालतो. शब्दांचे घेतले की प्रत्येक देशाला वेगळे छापावे लागतात. डिझेल आणि पाण्यानं पुसून बघा, रंग निघाला तर छापणारा बदला.

पुस्तिकेवर मी दोन आठवडे घालवते आणि लोक दोन तास. त्यात काय हवं, हे कायद्यात लांबलचक दिलंय, ते वाचा. मी फक्त चुकणाऱ्या जागा सांगते. यंत्र ज्या देशात जाणार त्या देशाच्या भाषेत पुस्तिका यंत्रासोबतच गेली पाहिजे, नंतर मेलवर नाही. जी भाषा तुम्ही स्वतः तपासून दिलीत तिच्यावर 'मूळ सूचना' असं लिहायचं, भाषांतरावर 'मूळ सूचनांचं भाषांतर', आणि भाषांतरासोबत मूळही द्यायचं. किती अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला चालेल, पीटीओ किती फेऱ्यांचा, शाफ्ट कुठल्या मापाचा, हे स्पष्ट हवं. पाती बदलताना उचललेल्या यंत्राखाली टेकू कसा द्यायचा याचं चित्र हवं. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर यंत्राखाली कुणी जाता कामा नये. आवाजाचा आकडाही लिहावा लागतो. ७० डेसिबलच्या आत असेल तर तसं लिहायचं, सोडून द्यायचं नाही. आणि जाहिरातीच्या पत्रकात पुस्तिकेच्या उलट काही छापू नका. मुखपृष्ठावर गार्ड काढलेल्या रोटाव्हेटरचा फोटो, कारण 'आतली पाती भारी दिसतात' म्हणे! तो मी छापखान्यातून परत आणलाय.

घोषणापत्र एका पानाचं. निर्मात्याचं नाव-पत्ता, यंत्राचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक, कुठल्या निर्देशाप्रमाणे, कुठली मानकं लावली, जागा, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. यात एक जागा सगळ्यांची रिकामी राहते: तांत्रिक फाइल सादर करू शकणाऱ्या, युरोपात राहणाऱ्या माणसाचं किंवा संस्थेचं नाव. कुपवाडचा पत्ता तिथं चालत नाही. बहुतेक जण इंपोर्टरशी लेखी करार करून त्याचं नाव देतात. शिवाय २०१९/१०२० या नियमानुसार १६ जुलै २०२१ पासून युरोपात जबाबदार कुणीतरी असल्याशिवाय अशी यंत्रं तिथं विकताच येत नाहीत. तेव्हा हा करार ऑर्डर घेतानाच करा. माल बंदरात अडकल्यावर इंपोर्टर त्याची वेगळी किंमत लावतो.

आता कुठं प्लेट. तिच्यावर निर्मात्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, यंत्राचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक, निर्मितीचं वर्ष आणि सीई. त्याशिवाय वजन, पीटीओचे फेरे आणि फिरण्याची दिशा. सीईची उंची किमान ५ मिलिमीटर आणि तो निर्मात्याच्या नावाच्या जवळ, त्याच पद्धतीनं उमटवलेला. नाव कोरलेलं आणि सीई मात्र चिकटवलेला, असं नको. अक्षरांचा आकार ठरलेला आहे, दोन्ही अक्षरं वर्तुळांवर बेतलेली असतात. कमिशनच्या संकेतस्थळावरून मूळ चित्र घ्या, टाइप करू नका. व्हॉट्सअॅपवर फिरतं की जवळजवळ लिहिलेला सीई म्हणजे 'चायना एक्स्पोर्ट'. असा कुठलाही अधिकृत शिक्का नाही. अक्षरं चुकीची असतील तर ती फक्त चुकीचीच असतात.

वर्ष म्हणजे यंत्र बनून पूर्ण झालं ते वर्ष. वर्षाची तारीख पुढं-मागं ढकलायला स्पष्ट बंदी आहे. आमच्याकडं एका साली पाचशे प्लेटा वर्ष छापूनच आणल्या होत्या, स्वस्त पडल्या म्हणून. वर्ष संपलं तरी त्यातल्या तीनशे उरल्या. मालक म्हणाले, "वापरून टाकू." नाही वापरल्या. तेव्हापासून वर्ष आणि अनुक्रमांक रिकामे ठेवतो आणि जुळवणीच्या दिवशी पंच मारतो. प्लेट रिव्हेटनं, पावडर कोटिंगनंतर, आणि निघणाऱ्या गार्डावर नाही तर मुख्य सांगाड्यावर. गार्ड बदललं की यंत्राची ओळख गेली, असं व्हायला नको.

जंगलातल्या कामाच्या यंत्रांचं थोडं. पुण्यातल्या एका व्यापाऱ्याला बाहेरून चेनसॉ आणून स्वतःच्या ब्रँडनं युरोपात विकायचे होते. त्याला दोन गोष्टी सांगितल्या. प्लेटवर ज्याचं नाव, तोच कायद्यानं निर्माता. कारखाना कुणाचाही असो, फाइल त्याच्याकडंच मागतात. आणि लाकूड कापायचा हातातला चेनसॉ चौथ्या परिशिष्टाच्या यादीत आहे, शिवाय २०००/१४/ईसी प्रमाणे त्याच्यावर आवाजाची हमी दिलेली पातळी डेसिबलमध्ये लिहावी लागते, इंजिनाच्या धुराचे नियम वेगळे. त्यानं बेत रद्द केला. मला वाटतं शहाणपणाच केला.

फाइल शेवटचं यंत्र बनल्यापासून दहा वर्षं ठेवायची. पहिलं नाही, शेवटचं. ड्रॉइंगं, धोक्यांचा तक्ता, चाचण्यांचे फोटो, मानकांची यादी, विकत घेतलेल्या भागांचे कागद, पुस्तिका, घोषणापत्राची प्रत. ड्रॉइंग बदललं तर तक्ताही बदला. मी दर बदलाला वहीत एक ओळ लिहिते: काय बदललं, कशामुळं, कुठल्या अनुक्रमांकापासून.

कॅलेंडरवर २० जानेवारी २०२७ ही तारीख लाल करून ठेवा. त्या दिवसापासून निर्देशाच्या जागी (ईयू) २०२३/१२३० हा नियम लागू होतो. यंत्र युरोपच्या बाजारात पहिल्यांदा कधी येतं यावर कुठला कायदा लावायचा ते ठरतं, तुमच्या बिलाच्या तारखेवर नाही. त्यामुळं डिसेंबरात न्हावाशेव्याहून निघणाऱ्या कंटेनरचा विचार आधीच करा. घोषणापत्राचा मजकूर बदलतो, इंपोर्टरचंही नाव-पत्ता लागतो, पुस्तिका डिजिटल देता येते, पण खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकानं कागदी मागितली तर फुकट द्यावी लागते. आणि पीटीओ शाफ्ट व त्याचं गार्ड यांना त्या दिवसापासून मान्यताप्राप्त संस्थेशिवाय पर्यायच उरत नाही. शाफ्ट देणाऱ्याला आजच विचारा, त्याचं सर्टिफिकेट नव्या नियमाचं कधी होणार.

तर कंटेनर पंधरा तारखेला लागायचा असेल आणि आज सात तारीख असेल, तर मला फोन करण्याआधी पाच फोटो पाठवा. गार्ड उघडं असताना त्याचे बोल्ट, इनपुटवरच्या गार्डाला टेप लावलेली, शाफ्ट हुकावर ठेवलेला, यंत्र उतारावर उभं आणि प्लेट जवळून. गेल्या महिन्यात एकानं पाठवले. बोल्ट झकास लोंबकळत होते, हूक होता, उतारही बरोबर. प्लेटवर मात्र मॉडेल शेजारच्या वर्कशॉपचं होतं.

"ताई, ते त्यांच्याकडूनच छापून घेतलंय," तो म्हणाला. मी त्याला पुढच्या महिन्याची तारीख घ्यायला सांगितली.